वई, वाडा आणि वॉल स्ट्रीट

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर आज भिंत नाही, आणि जी होती तीही चिरेबंदी नव्हती. १६५३ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले होते. मॅनहटन बेटाच्या दक्षिण टोकावर वसलेल्या डच ठाण्याने उत्तरेकडून हल्ला येईल या भीतीने एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत लाकडाचे उंच कुंपण उभारले. त्या कामात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे श्रमही होते. १६९९ मध्ये इंग्रजांनी ते पाडून टाकले. रस्त्याचे नाव राहिले, आणि आज जगभरच्या पैशाचा व्यवहार त्या नावाने ओळखला जातो. हे ठाणे कुणा राजाने थेट चालवलेले नव्हते, ते डच वेस्ट इंडिया कंपनीचे होते. व्यापारी जागेच्या संरक्षणासाठी घातलेल्या कुंपणाचा अमेरिकेतला याहून नामांकित दाखला सापडणे अवघड दिसते.

कंपनीचे कुंपण, असे म्हटले की मराठी कान टवकारतात. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीला 'कुंपणी सरकार' म्हणत. 'कंपनी'तल्या पहिल्या अक्षराला उकार कुठून चिकटला? परका शब्द जिभेवर आला की जीभ त्याला ओळखीच्या साच्यात बसवू पाहते, आणि इथे तो साचा 'कुंपण' या शब्दाने पुरवला असावा. मूळ लॅटिन अर्थ मात्र वेगळाच आहे: 'कोम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका पंगतीला बसून भाकरी खाणारे ते कंपनीवाले. हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी 'पांव' झाला आणि गोव्यामुंबईमार्गे आपल्या ताटात 'पाव' होऊन आला. म्हणजे कुंपणी आणि पाव ही सख्खी भावंडे ठरतात. कुंपण त्यांचे कुणीच लागत नाही, केवळ शेजारी म्हणून त्याने आपला उकार उसना दिला.

मग खुद्द 'कुंपण' कुठले? अमरकोशाच्या ब्रह्मवर्गात 'कुम्बा' असा एक शब्द येतो. यज्ञभूमीभोवती घातलेली दाट वृती, जिच्यातून अनधिकारी नजर आत शिरू नये अशी, असा त्याचा आशय. धातुपाठात 'कुबि' हा धातू आच्छादन या अर्थी दिला आहे, त्याच्याशी हा शब्द जुळतो. झाकणारे, आडोसा करणारे ते कुंपण, हे अर्थाच्या अंगाने अगदी पटण्याजोगे आहे. अडचण येते ती ध्वनीची. संस्कृतातला 'म्ब' मराठीत येताना आपला 'ब' सहसा सोडत नाही: निंबाचा लिंब झाला, कदंबाचा कळंब झाला, पण 'ब' जागेवर राहिला. त्या न्यायाने 'कुंबण' व्हायला हवे होते. 'प' का आला?

इथे पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे दार ठोठावावेसे वाटते. तेलुगूत 'कंप' म्हणजे काटेरी झुडूप, तोडलेली काटेरी फांदी. शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्या रचून केलेला आडोसा ज्याने पाहिला आहे त्याला हा अर्थ लगेच भिडेल. इथे 'प' नीट बसतो, पण स्वर बसत नाही: 'कं'चा 'कुं' व्हायला कारण सापडत नाही. एका व्युत्पत्तीत व्यंजन अडते, दुसरीत स्वर. दोन्ही शब्द देशात शेजारी नांदत असताना एकाचा उकार आणि दुसऱ्याचा पकार एकत्र आला असावा असे मानायचा मोह होतो. नांदेड-देगलूरकडच्या बोलीत 'कंप' किंवा 'कुंब' असे एखादे रूप या अर्थी कुणाच्या कानावर असेल, तर या कोड्याचा निकाल लागण्याची शक्यता आहे.

कोकणाने या वादात पडायचेच टाळले. तिथे कुंपणाला 'वई' म्हणतात, गोव्याकडे 'वंय', आणि या शब्दाचा वंशवृक्ष लख्ख आहे. संस्कृत 'वृति', पालीत 'वति', प्राकृतात 'वइ', आणि मग आपली 'वई'. अमरकोशाने 'कुम्बा'चा अर्थ सांगताना वापरलेला शब्द तो हाच. वैदिक यज्ञशाळेपासून रत्नागिरीतल्या परसापर्यंत इतक्या सरळ रेषेत आलेले शब्द फार नसतील.

'वृति'चा धातू 'वृ', झाकणे, वेढणे. त्याचा गोतावळा मोठा आहे. आवरण, निवारण हे उघड आहेत. घराभोवतीचे 'आवार' हेही त्याच घरचे असावे. लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला 'कव्हर' याच धातूच्या युरोपीय भावाचा नातू मानला जातो, आणि नदीला आडवा घालतात तो 'वीअर' म्हणजे छोटा बंधाराही. पारशांच्या अवेस्तात यिम, म्हणजे आपला यम, महाभयंकर हिवाळ्यापासून जीवसृष्टी वाचवण्यासाठी एक बंदिस्त जागा बांधतो. तिचे नाव 'वर'. तोही याच मुळाचा दिसतो.

पण सर्वांत रंजक प्रवास आहे तो 'वाट' या संस्कृत शब्दाचा. रस्ता या अर्थाची वाट नव्हे, वेढलेली जागा या अर्थाचा 'वाट'. 'वृत' म्हणजे वेढलेला, याचेच ते लोकभाषेत झिजून परत संस्कृतात घेतलेले रूप असावे. गुजरातीत 'वाड' म्हणजे आजही कुंपण. हिंदीत ते 'बाड़'. मराठीत कुंपणाचा अर्थ मागे पडला आणि आतली जागा पुढे आली: 'वाडा', 'वाडी'. वाडी म्हणजे कोकणात माडापोफळींची बाग, देशावर दहा-वीस घरांची वस्ती. गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी या नावांत दोन्ही अर्थ एकमेकांवर चढलेले दिसतात. आधी झाडे होती, मग चाळी आल्या, आणि नावाला एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही.

हेच नाटक युरोपात वेगळ्या नटांनी केले. जर्मन भाषेत 'त्साउन' म्हणजे कुंपण. त्याचाच डच भाऊ 'टाउन' (उच्चार थोडा निराळा) म्हणजे बाग. आणि इंग्रजी 'टाउन' म्हणजे गाव. कुंपण, बाग, वस्ती: गुजराती 'वाड' आणि मराठी 'वाडी' यांनी जे अर्थ वाटून घेतले, तेच तीन जर्मानिक भाषांनी वाटून घेतले. अमेरिकेच्या नकाशावर प्रिन्स्टन, आर्लिंग्टन, वॉशिंग्टन अशी जी असंख्य 'टन'कारान्त नावे दिसतात ती या अर्थाने बहुतेक वाड्याच आहेत. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने आपल्या गावाला प्रिन्सवाडी म्हटले तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. या दोन घराण्यांचे मूळ एक नाही. विचाराची वाट मात्र एकच आहे: माणूस आधी कड आखतो, मग कडेच्या आतल्या जागेला कडेचेच नाव देतो.

'घर' तरी कुठे वेगळे आहे? संस्कृत 'गृह' ज्या मुळापासून आला असे मानतात, त्याच मुळाची इंग्रजी 'यार्ड' आणि 'गार्डन', आणि रशियनमधला शहरवाचक 'ग्राद' ही अपत्ये आहेत. मूळ अर्थ वेढणे. छप्पर नंतरचे, आधी वेढा. इराणी भाषेत 'पैरिदएझ' म्हणजे भोवती तट असलेली बाग. यातला 'पैरि' म्हणजे आपला 'परि' आणि 'दएझ' हा मातीचा लेप देऊन रचणे या अर्थाच्या 'दिह्' धातूचा भाऊ, ज्याच्यापासून आपला 'देह' झाला. ग्रीकांनी तो शब्द उचलला, इंग्रजीत तो 'पॅराडाइज' झाला, अरबीतून 'फिर्दौस' होऊन मुलामाणसांच्या नावांत आला. अमेरिकेत नेव्हाडा राज्यातल्या ज्या वस्तीत लास व्हेगासच्या झगमगत्या जुगारगृहांचा बराचसा रस्ता येतो, तिचे अधिकृत नाव पॅराडाइज आहे. व्यापारी आवाराला स्वर्गाचे नाव, आणि स्वर्गाच्या पोटात तटबंदी!

सगळे शब्द असे कडेकडून आत जात असताना एक शब्द मराठीत उलटा चालत आला. तो म्हणजे 'कंपाउंड'. इंग्रजीतल्या या शब्दाचा उगम मलय भाषेतल्या 'कंपुंग' म्हणजे वस्ती, पाडा, या शब्दात आहे असे युल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशापासून बहुतेकांचे मत आहे. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांनी तो वखारीभोवतीच्या आवाराला लावला. अमेरिकेत आज मॅसॅच्युसेट्समधल्या केनेडी कुटुंबाच्या हायॅनिस पोर्टच्या घरांच्या समूहाला 'कंपाउंड' म्हणतात, म्हणजे आवारच. आपण मात्र 'कंपाउंड घातले', 'कंपाउंडवरून उडी मारली' असे म्हणतो. आपले कंपाउंड म्हणजे भिंत. आतल्या जागेचा शब्द आपण कडेला नेऊन ठेवला. 'कंपाउंड वॉल'मधली 'वॉल' गळाली, हे एक कारण असेलच. पण 'कुंपणी'च्या वेळी घडले तेच पुन्हा घडले असावे असे मला फार वाटते: 'कंपाउंड' ऐकताना मराठी मनाने आतून 'कुंपण' ऐकले, आणि अर्थ त्या दिशेला ओढला गेला.

आता म्हणींकडे वळू, कारण जुनी कुंपणे कशाची होती याची साक्ष म्हणीच देतात. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत.' सरडा राहतो झुडपात. ही म्हण झाली तेव्हा कुंपण हिरवे होते. 'कुंपणच शेत खाते' ही दुसरी. ती आपण रक्षकच भक्षक झाला या अर्थी वापरतो आणि तिच्यात केवळ कल्पना पाहतो. कन्नड आणि तमिळ म्हणींत तर 'बेली', 'वेली' म्हणजे कुंपण उठून पीक चरू लागते. पण शेतकऱ्याला विचारावे. निवडुंग, शेर, सागरगोटा, करवंद यांची जिवंत वई दरवर्षी हातभर आत सरकते, मुळे शेतातले पाणी ओढतात, सावलीत पीक खुरटते. कुंपण खरोखरच शेत खाते. म्हणीच्या जन्माच्या वेळी हा रूपकाचा विषय नसावा, ही रोजची तक्रार असावी.

या हिरव्या कुंपणातले दोन मोठे मानकरी अमेरिका खंडातून आले. फड्या निवडुंग तिकडचा, आणि घायपातही मेक्सिकोकडची. 'घायपात' हे नाव पाहा: घाय करणारी पात. परक्या झाडाला इतके नेमके देशी नाव क्वचितच मिळाले असेल. हिंदुस्थानात मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना रोखण्यासाठी इंग्रजांनी शेकडो मैल लांबीची काटेरी वई वाढवली होती. तिच्यात बाभूळ, करवंद यांच्या जोडीला हा अमेरिकी निवडुंगही होता. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ह्यूम काही वर्षे ही वई राखणाऱ्या खात्याचे प्रमुख होते आणि वई दाट करण्याचे बरेच श्रेय त्यांच्याकडे जाते. १८७९ मध्ये ही कराची सीमा मोडीत निघाली.

त्याच दशकात अमेरिकेत नेमकी उलट गोष्ट घडत होती. इलिनॉयच्या सपाट माळरानावर लाकूड कमी, दगड कमी. तिथल्या शेतकऱ्यांनी ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाच्या वया लावल्या. ओसेज लोक या झाडाची धनुष्ये करीत, म्हणून फ्रेंचांनी त्याला 'बोआ दार्क' म्हणजे धनुष्याचे लाकूड म्हटले, आणि टेक्सासच्या तोंडी त्याचे 'बोडार्क' झाले. घोड्याला ओलांडता येऊ नये, बैलाला मोडता येऊ नये, डुकराला घुसता येऊ नये, ही तिकडची चांगल्या वईची कसोटी. पण हीही वई वाढायला वर्षे घेई, छाटणी मागे, आणि शेत खाई. १८७३ साली इलिनॉयमधल्या डीकाल्ब इथल्या जत्रेत एका शेतकऱ्याने खिळ्यांची टोके बसवलेली लाकडी पट्टी मांडली. ती पाहून जोसेफ ग्लिडन याने कॉफी दळायच्या यंत्राच्या मदतीने तारेचे आकडे वळवले, दोन तारांच्या पिळात ते पक्के धरून ठेवायची युक्ती काढली, आणि २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला पेटंट मिळाले. न चरणारे, न वाढणारे, पाणी न पिणारे कुंपण माणसाला मिळाले ते असे. पुढे साध्या लोखंडाच्या जागी बेसेमर पद्धतीचे पोलाद आले आणि तार स्वस्त झाली. मोकळ्या कुरणांवर गुरे चारणाऱ्यांना ती सैतानाचा दोर वाटली. १८८३ मध्ये टेक्सासात रातोरात तारा तोडण्याचे युद्धच पेटले आणि दुसऱ्या वर्षी तार तोडणे हा तिथे गंभीर गुन्हा ठरला.

वस्तू बदलली, तरी तिला नाव देताना लोक झाडालाच धरून राहिले. ग्लिडनच्या आधी, १८६८ मध्ये मायकेल केली याने जे पेटंट घेतले त्याची तार विकणाऱ्या शिकागोच्या कंपनीच्या नावातच 'काटा' आणि 'वई' हे शब्द होते. पण जो शब्द रूढ झाला तो 'बार्ब', म्हणजे लॅटिन 'बार्बा', दाढी. न्हाव्याला 'बार्बर' म्हणतात ते यावरूनच. इंग्रजीला तारेवर दाढीचे खुंट दिसले. दाढीच्या कल्पनेला आपल्याकडे जवळचा शब्द होता 'कुसळ', पण 'कुसळी तार' कुणी म्हटले नाही. मराठीने सरळ 'कण्टक'चा 'काटा' घेतला आणि 'काटेरी तार' म्हटले. वई वाळली, बाभळीचा काटा मात्र पोलादात उतरला.

'तार' हा शब्द फारसी. फारसीत 'तार' म्हणजे ताणा, धागा, आणि 'पूद' म्हणजे बाणा. सतारीतली 'तार' तीच. हा 'तार' जुन्या इराणीत आपल्या 'तन्त्र' या शब्दाचा जुळा भाऊ होता असे दिसते. दोघांचाही धातू 'तन्', ताणणे. मागावर ताणलेले ते तंत्र. म्हणजे 'तारेचे कुंपण' आणि 'तंत्रज्ञान' यांत एकच धागा आहे. मराठीत तार हा संदेशही झाला: 'तार आली' म्हटले की घर हादरत असे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे हे दोन अर्थ खरोखर एका तारेवर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दूरदूरच्या शेतवाड्यांनी काटेरी कुंपणाच्याच तारेला टेलिफोन जोडले आणि शेजाऱ्याशी बोलू लागले. दूर ठेवण्यासाठी ओढलेली तार जवळ आणू लागली.

आज कारखान्या-गोदामांभोवती दिसणारी जाळी या तारेची थोरली बहीण. तिकडे तिला 'चेन लिंक' म्हणतात, आपले ठेकेदारही 'चेनलिंक जाळी'च म्हणतात. ती विणण्याचे यंत्र १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच या जुन्या विणकरांच्या गावी चार्ल्स बार्नार्ड याने कापडाच्या मागावरून बेतले. अमेरिकी व्यापारात या जाळीच्या पटाला आजही 'फॅब्रिक' म्हणतात. तो मागाचा वारसा वाटेल, पण 'फॅब्रिक'चे मूळ त्याहून जुने आणि तप्त आहे. लॅटिन 'फाबेर' म्हणजे धातू घडवणारा कारागीर, लोहार. 'फाब्रिका' म्हणजे त्याची कार्यशाळा. तिथून घडवलेली कोणतीही वस्तू, मग इमारत, मग विणलेले कापड. लोहाराच्या भट्टीतून निघालेला शब्द विणकराच्या मागावर गेला आणि पोलादाची जाळी होऊन पुन्हा भट्टीत परतला. अशी पूर्ण प्रदक्षिणा घालणारा शब्द पाहिला की मला फार आनंद होतो.

'पोलाद'ही फारसी, मूळचा 'पूलाद'. अरबीत 'प' नाही म्हणून तिथे 'फूलाद' झाला आणि हिंदीने 'फ़ौलाद' घेतला. मराठीने 'प' जपला. जुना इराणी उच्चार आपण अधिक इमानाने सांभाळला आहे. रशियात हाच शब्द 'बुलात' झाला. हा शब्द येण्याआधी मराठीत पोलादाला 'तिखे' म्हणत. संस्कृतात लोखंडाचे एक नाव 'तीक्ष्ण' आहे, त्याचाच हा वंशज. मिरची सातासमुद्रापलीकडून आली तेव्हा जिभेवरच्या 'तिखटा'साठीही याच मुळाचा शब्द पुढे झाला.

कुंपणाची अमेरिकेतून आलेली आणखी एक लकब आपल्या वर्तमानपत्रांत रुळली आहे: 'कुंपणावरचे आमदार'. कुंपणावर बसणे ही मराठी कल्पना असूच शकत नाही. निवडुंगावर कोण बसेल? अमेरिकेत जुनी कुंपणे ओंडके फोडून केलेल्या आडव्या फळ्यांची असत, नागमोडी रचलेली. अशा फळ्या फोडल्याची ख्याती अब्राहम लिंकन यांना १८६०च्या निवडणुकीत फार उपयोगी पडली. त्या कुंपणावर पाय दोन बाजूंना सोडून आरामात बसता येई. आपल्या म्हणीत कुंपणाशी जाणारा प्राणी एकच, सरडा, आणि रंग बदलण्याच्या गुणामुळे तो या आमदारांच्या शेजारी आपोआप जाऊन बसला.

राहता राहिला 'फेन्स'. हा 'डिफेन्स'चा शेपटाकडचा तुकडा. संरक्षण ते फेन्स, आणि त्यातला आघाडीचा 'डि' गळाला. 'सिक्युरिटी फेन्स' ही व्यापारातली जोडी तशी पुनरुक्तीच. आपल्या 'बंदोबस्ता'तही तेच आहे: 'बंद' आणि 'बस्त' दोन्ही फारसी 'बस्तन्' म्हणजे बांधणे या एकाच क्रियापदाची रूपे, आणि तो धातू आपल्या 'बन्ध्'चा भाऊ. 'डिफेन्स'च्या पोटातला 'फेन्देरे' म्हणजे प्रहार करणे. एकट्याने तो लॅटिनमध्ये फारसा वावरत नाही, उपसर्ग घेऊनच येतो, पण त्याचे मूळ आणि संस्कृत 'हन्'चे मूळ एकच, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. आता 'हन्'ला 'परि' लावून पाहा. 'परिघ' होतो. शाळेत वर्तुळाच्या कडेला आपण परीघ म्हणतो, पण संस्कृतात परिघ म्हणजे वेशीचा किंवा गडाचा दरवाजा आतून अडवण्यासाठी आडवा घालायचा लोखंडी दांडा, अडसर, आणि प्रसंगी हातात घेऊन शत्रूवर हाणायचे शस्त्र. अमेरिकेतल्या गोदामाभोवतीची पोलादी 'फेन्स' आणि आपल्या जुन्या दरवाजावरचा लोखंडी 'परिघ' हे एका धातूचे दोन नातू आहेत. तिसराही आहे, 'वि' उपसर्ग लावलेला. त्याला आपण विघ्न म्हणतो.